इतिहासाचे पाठ लिहून पोट भरतं का?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. लेक इतिहासात एम.ए., बी.एड., दोन वर्षं एका हायस्कूलमध्ये गेस्ट टीचर. आता म्हणते, जुन्या अस्सल कागदांवरून इतिहासाचे पाठ तयार करून शिक्षकांना द्यायचे, हेच माझं काम. वडील विचारतात, "ह्यात पोट भरतं का, की सरळ सरकारी परीक्षेला बसवू?" खाली ताजा कलम : "आमच्या आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागद आहेत. सुट्टीत ती तेच उलगडत बसते. घरचे हसतात."

नमस्कार.

परीक्षेला बसवाच. पण 'की' काढून टाका. 'पाठ तयार करणारा' अशी सरकारी जागा निघत नाही. हे काम शिक्षकाच्या नोकरीला जोडून येतं. सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकांच्या जागेसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यावी लागते, मग भरतीची परीक्षा. नोकरीत गेलेल्या शिक्षकांनाच पुढे पाठ्यपुस्तकाच्या समित्यांवर, डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) प्रशिक्षणांत बोलावणं येतं. शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था आणि खासगी प्रकाशक असं लेखन करणारे पगारी लोक घेतात, पण ते आधी विचारतात, वर्गात किती वर्षं होता? दोन वर्षं कमी पडतात. तुमचं गाव महाराष्ट्राच्या दाव्यातल्या ८६५ गावांत असेल, तर पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या भरतीच्या जाहिरातीही वाचत जा. सीमाभागातल्या उमेदवारांसाठीची अट त्यात दिलेली असते.

आता तिच्या वेडाबद्दल.

मी शिकवत होतो तेव्हा एकदा १८८४ च्या बेळगाव गॅझेटियरमधली (इंग्रजांनी काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथातली) चार पानं मराठी करून वर्गात वाटली. मोठा तीर मारल्यासारखं वाटत होतं. चाळीस मिनिटांच्या तासाला मुलं पहिल्या परिच्छेदातच अडकली. एकाने विचारलं, "सर, हे पाठ करायचं का?" कागद अस्सल होता, पाठ मात्र झालाच नव्हता.

पाठ होण्यासाठी काय लागतं, ते कित्तूर संस्थानावरून सांगतो, कारण तुमच्याकडे ते घरचंच आहे. १८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र वारले. दत्तकपत्र पुढे आलं. धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे याला त्या पत्राबद्दलच संशय आला आणि त्याने दत्तक मानला नाही. २३ ऑक्टोबरला कित्तूर आणि इंग्रजांत लढाई झाली, थॅकरे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला. पुस्तकात हे एका पानात आहे आणि मुलांना तोंडपाठ आहे. आता ह्याचाच पाठ करताना तिने एकच प्रश्न धरावा : कागद खरा की बनावट, हे थॅकरेने कशावरून ठरवलं असेल? मग इंग्रजी दप्तरातल्या दहा ओळी, सोप्या मराठीत. दहाच्या वर एकही नाही. वर एका ओळीत कोणी लिहिलं, कधी, कोणासाठी. खाली चार अवघड शब्द. मग मुलांनी ठरवायचं : संशय रास्त होता, की संस्थान घशात घालायला निमित्त हवं होतं? दोन्ही बाजूंनी हात वर होतात. होऊ द्यावेत. शिक्षकासाठी मागच्या पानावर एवढंच : मुलं हमखास कुठे चुकतात, तास कुठे रेंगाळतो, आणि नंदगडला कित्तूरसाठी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली ते ठिकाण दाखवायला न्यायचं असेल तर कोणत्या तासानंतर.

खरी परीक्षा पुढे आहे. तिने स्वतः तो तास घेतला तर तो चालणारच, कारण डोक्यात सगळा संदर्भ आहे. तोच कागद शेजारच्या गावातल्या, इतिहास मुळीच न आवडणाऱ्या बाईंच्या हातात द्यायचा. त्या तास घेत असताना हिने मागच्या बाकावर बसायचं, तोंड उघडायचं नाही. बाई जिथे अडखळतील तिथे पाठ दुरुस्त करायचा. असे तीन पाठ झाले की मुलाखतीला नेण्याजोगी फाईल तयार झाली. बायोडाटा त्यापुढे फिका.

भाषेचं सांगायलाच हवं, राग मानू नका. आपल्या मराठी शाळांतली पुस्तकं कन्नड मसुद्याचं भाषांतर असतात. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, ज्या काळातली आहे, त्या काळचे, शके ११२७ चे दोन शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्य राजाचे, जुन्या कन्नडमधले. त्यात गावाचं नाव वेणुग्राम आहे. ह्या मातीचा इतिहास मोडी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन कागदांत विखुरलाय. एकच वाचता येणारा माणूस एक तृतीयांशच सांगणार. कन्नड बोलता येतं असेल तर, ते वाचण्यापर्यंत नेऊ द्या. कन्नड माध्यमाच्या शाळाही तिचे पाठ मागतील, हा व्यवहारही आहे.

सीमाप्रश्नावर पहिला पाठ करू नये. विषय महत्त्वाचा आहे. १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा महाजन आयोग, सगळं अभ्यासण्यासारखं आहे. पण नवख्याच्या कागदाकडे लोक मजकुरासाठी नाही, बाजूसाठी बघतात. त्याऐवजी १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन घ्यावं. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच. त्यांनी आपल्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात बेळगावबद्दल लिहिलेलं नेटवर मिळतं, आणि काँग्रेस विहीर तर टिळकवाडीत बघताच येते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे 'दुर्मीळ फोटो' मात्र मूळ कुठलं ते कळल्याशिवाय घेऊ नयेत.

पुढे शिकायचंच असेल तर नोकरी लागल्यावर. म्हैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्था आणि बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ बघून ठेवा. आत्ता पैसे घालून कुठला ऑनलाइन डिप्लोमा करू नये.

आणि ट्रंक. घरच्यांना हसू देऊ नका. जुन्या मोडी कागदांवर पुष्कळदा अरबी आकड्यांच्या नावांत सन असतो. 'खमस अशरीन मयातैन व अलफ' दिसलं तर ५, २०, २०० आणि १०००, म्हणजे १२२५. त्यात ५९९ मिळवले की १८२४. जूनमध्ये सन बदलतो, त्यामुळे जानेवारी ते मे या महिन्यांतल्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. एवढं करून तुमच्याच कागदाचं साल तिने काढलं, तर पहिला पाठ घरातच सापडेल. फोटो सपाट, उजेडात काढा. कागद कॉटनच्या कापडात ठेवा आणि कोणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेट करू नका.