बोर्डिंग पासवर दरवेळी 'एसएसएसएस' (जादा तपासणीची खूण) छापून येतं, त्याचं कारण कुणीच सांगत नाही. काय करावं?

कारण कळेल ही आशा सोडा. काउंटरवरच्या माणसालाही ते माहीत नसतं, त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही.

मी हे बरीच वर्षं सोसलंय. सगळ्यात जास्त लागलं ते मेहुण्यांबरोबर निघालो होतो तेव्हा. गेटवर बाकीचे आत गेले, मला बाजूच्या टेबलापाशी उभं केलं. बॅग अख्खी उपसली. लॅपटॉपच्या कळांवरून, चार्जरच्या वायरीवरून, बुटांच्या तळव्यांवरून कापडाची पट्टी फिरवून यंत्रात घातली. आईच्या गोळ्यांची पाकिटं एकेक उलटून पाहिली, आई शेजारी उभी असताना. विमानात बसल्यावर मेहुणे म्हणाले, "उगाच कुणी कुणाला अडवत नाही. काहीतरी असणारच." मागच्या रांगेलाही ऐकू गेलं.

साफ खोटं आहे हे. रहिना इब्राहिम ही मलेशियाची बाई स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करत होती. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर तिला बेड्या घातल्या. ती कोर्टात गेली, वर्षानुवर्षं लढली, आणि २०१४ च्या निकालात बाहेर आलं की एफबीआयच्या एका माणसाने फॉर्मवर नको त्या चौकटीत खूण केली होती, म्हणून तिचं नाव विमानात बसू न देण्याच्या सरकारी यादीत गेलं. बस, एवढंच.

तुम्ही अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या 'ट्रिप' योजनेत, म्हणजे अशा अडवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या योजनेत, ऑनलाइन अर्ज करा. पासपोर्टची प्रत लागते. उत्तरात तुमचं नाव संशयितांच्या यादीत होतं की नव्हतं हे लिहीत नाहीत, पण रिड्रेस नंबर, म्हणजे त्या तक्रारीचा क्रमांक, मिळतो. तो प्रत्येक बुकिंगमध्ये टाकायचाच. तिकिटावरचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टबरहुकूम हवी. नावात नाव मिसळून होणारा घोळ यातून बराच सुटतो. कनेक्टिंग विमान असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

हे अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या आणि तिथल्या आतल्या विमानांपुरतंच, हेही सांगायला हवं. शिवाय काही वेळा कसलंही कारण नसताना कुणाचीही निवड होते, तेव्हा नंबर असूनही एसएसएसएस येऊ शकतं.

आणि घरच्यांना खुलासे देत बसू नका. मेहुण्यांना मी तो निकाल पाठवला, तर म्हणाले, "असेल एखादं प्रकरण." एखादं नाही. २००४ मध्ये सेनेटर टेड केनेडींनी सेनेटच्या समितीसमोर सांगितलं होतं की यादीतल्या एका नावाशी आपलं नाव जुळलं म्हणून आपल्याला विमानतळावर पुन्हा पुन्हा अडवलं. त्यांनी काय केलं होतं, ते मेहुण्यांनी मला सांगावं.