प्रत वीक, गाणं नको

पोरी,

रात्रीचा तुझा मेसेज तीनदा वाचला. नऊ गाण्यांचे सगळे हक्क देऊन एकरकमी पैसे, सोमवारी सही, आणि खाली 'काका, आता नाही म्हटलं तर पुन्हा कोण विचारणार?'

तू काउबॉय गाणी म्हणतेस ना? मग तुझ्या ख्रिस लेडूचंच बघ, तो अमेरिकन रोडिओ स्वार आणि गायक. रोडिओ म्हणजे उधळत्या जनावरांवर स्वार होण्याच्या काउबॉय स्पर्धा. त्यातला बेअरबॅक प्रकार म्हणजे खोगीर नाही, लगाम नाही. घोड्याच्या पाठीवर बांधलेली चामड्याची मूठ एका हाताने धरायची आणि आठ सेकंद टिकायचं. त्या फिरस्तीचा खर्च निघावा म्हणून तो गाणी लिहायला लागला. 1971 पासून घरच्यांच्या मदतीने स्वतःच रेकॉर्ड काढल्या, रोडिओच्या गर्दीत कॅसेटी विकल्या. 1976 ला बेअरबॅकचा जगज्जेता झाला, तरी विक्री तशीच, स्वतःच्या हाताने. 1982 पर्यंत अडीच लाखांवर प्रती खपल्या, जाहिरात जवळपास नाहीच. ऐंशीचं दशक सरेपर्यंत 22 अल्बम! 1989 ला गायक गार्थ ब्रूक्सने आपल्या पहिल्याच गाण्यात त्याच्या झिजलेल्या कॅसेटचं नाव घेतलं, तेव्हा कुठे मोठ्या कंपनीचं दार उघडलं. तिने जुने अल्बमही पुन्हा बाजारात आणले.

कळतंय का? वीस वर्षं त्याने प्रत विकली. गाणं नाही.

मी गाणंच विकलं. तुझ्याच वयात बारा चाली तीन हजारांना लिहून दिल्या. बहिणीचं लग्न तोंडावर, वडिलांनी हात टेकलेले. दुसरा मार्ग नव्हता गं, खरंच नव्हता. पुढे एकदा जीपमध्ये ड्रायव्हरने टेप लावला. माझी चाल, कव्हरवर भलत्याचंच नाव. शेजारच्याला सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उतरेपर्यंत तो गृहस्थ मांडीवर ठेका धरून होता.

तुझ्या डोक्यावर कुणाचं लग्न नाही. नोकरी आहे, घर आहे. मग घाई कसली? 'काका, आता कॅसेट कोण घेतं' असलं काही सांगू नकोस. कार्यक्रमानंतर टेबल मांडून बस, आपल्या चॅनलवर टाक, पेन ड्राइव्हवर दे. पन्नास जण घेतील, पन्नास तर पन्नास! प्रत वीक, पोरी. हजारदा वीक.

परवाचं तुझं विहिरीचं गाणं मी अजून गुणगुणतोय. दुसऱ्या कडव्यात तू श्वास घेतेस तिथे काही बदलू नकोस.

रविवारी कागद घेऊन ये. ओळ न् ओळ वाचू. 'सर्व हक्क' कुठे लिहिलंय ते मला एका नजरेत सापडतं.

तुझा,
काका