तिला रडू का आलं?

प्रश्न: ‘इनसाइड आउट २’ हा ॲनिमेशनपट पाहताना माझी १३ वर्षांची लेक रडली. कारण विचारलं तर दार लावून बसली. काय करू?

उत्तर: ताई, ती नेमकी कुठे रडली ते आठवा. हॉकीच्या सामन्यात शिक्षा म्हणून बाहेर बसवलेल्या रायलीचा, म्हणजे सिनेमातल्या नायिकेचा, श्वास अडकतो, छाती धडधडते, तिथे का? मीही तिथेच रडले. रायलीही १३ वर्षांचीच. तिच्या मनातल्या भावना सिनेमात पात्रं होऊन येतात; त्यांतली ती नारिंगी चिंता मला दुष्ट वाटत नाही. रायलीच्या भल्यासाठीच ती एकेक वाईट शक्यता रंगवत बसते. रायली सावरते ती लाकडाचा स्पर्श, ऊन, स्वतःचा श्वास जाणवल्यावर. तेव्हा कारण विचारू नका. दार उघडलं की शेजारी बसा आणि तेराव्या वर्षी तुम्हाला कशाची धास्ती वाटायची, ते सांगा.