“आता काय कलेक्टर व्हायचंय का?”

समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेलं माणूस “मॅडम, या वयात...” एवढंच म्हणालं तरी पुढचं मला कळतं, इतक्या वेळा मी ते ऐकलंय. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांना मोडी लिपी शिकायची होती, आजोबांची जमिनीची कागदपत्रं वाचायला. घरचे म्हणत, त्यापेक्षा गुडघ्याचं ऑपरेशन उरकून घ्या. मुलं मार्गी लागलेल्या बायका तर कितीतरी येतात. गाडी शेवटी एकाच ठिकाणी थांबते: शिकून उपयोग काय?

मंदाताई (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) सांगलीकडच्या. वय सत्तेचाळीस, घरी शिलाई मशीन. शाळा सातवीत सुटलेली. मुलगी नोकरीला लागली आणि यांनी १७ नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचं. पुस्तकं आली आणि झोप उडाली. पुस्तक उघडलं की छातीत धडधड.

“सासूबाई म्हणतात, आता काय कलेक्टर व्हायचंय का? खोटं नाही ना मॅडम ते?”

मी त्यांना मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची गोष्ट सांगितली. तिथे २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी साडी नेसून पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. मंदाताईंनी सगळं ऐकलं, “छान आहे” म्हणाल्या आणि घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्याच्या उदाहरणाने धीर येतो, हा आमच्या व्यवसायातला एक गोड गैरसमज आहे.

पुढच्या खेपेला मी दुसरी युक्ती काढली. “चौतीस छातीचा ब्लाउज कसा बेतता?”

“चौथा भाग साडेआठ, वर माया सोडायची.” पापणीही लवली नाही.

“मग गणित येतंच की तुम्हाला!” मी विजयी मुद्रेने म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. “ते पोटासाठी आलं मॅडम. उपयोगाचं होतं म्हणून आलं. बिनउपयोगाचं असं मी आजवर काहीच केलं नाही.”

अशा वाक्यानंतर गप्प बसायचं असतं. हे मला वीस वर्षांत जमलंय. बऱ्याच वेळाने मी विचारलं, “आणि बिनउपयोगाचं काय करावंसं वाटतं?”

“हसणार नाही ना? मुलीच्या वेळी सातवा महिना होता. ग्रहण लागलं. कात्री, सुई, विळी, कशाला हात लावू दिला नाही, खोलीत बसवून ठेवलं. मी खिडकीच्या फटीतून बघितलं. चंद्र तांबडा झालेला. सावली पडली तर काळा व्हायला हवा ना? तांबडा का? तेवढं कळून घ्यायचंय. कुणाला विचारणार?”

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करणारी. माणसाला छळतं ते त्याने मनात धरून ठेवलेलं वाक्य, यावर माझा विश्वास. मंदाताईंचं वाक्य “मला जमणार नाही” हे असेल असं मी धरून चालले होते. निघालं भलतंच: “ज्याचा कुणाला उपयोग नाही ते करणं म्हणजे स्वार्थ.” आणि ब्लाउजच्या मापात गणिताचा उपयोग शोधून देणारी मी नकळत सासूबाईंच्याच शेजारी जाऊन उभी राहिले होते. कबूल करायला जड गेलं, पण त्या दिवशी ते मला दिसलं याचं समाधानही आहे.

मग आम्ही पहिला धडा सोडून दहावीच्या विज्ञानातला प्रकाशाचा भाग काढला. पृथ्वीभोवतीच्या हवेतून जाताना ऊन वाकतं, त्यातला निळा रंग वाटेत विखुरतो, तांबडा तेवढा चंद्रापर्यंत पोचतो. मंदाताईंनी बोट ओळीवर ठेवून दोनदा वाचलं.

“म्हणजे संध्याकाळचंच तांबडं की ते!”

अगदी बरोबर. त्या घटकेला पृथ्वीच्या कडेने जिथे जिथे दिवस उगवत आणि मावळत असतो, तिथला उजेड चंद्रावर पडलेला असतो. हे वाक्य पुस्तकात नव्हतं. त्या आठवड्यात त्यांना झोप लागली.

कर्ज काढून फी भरणाऱ्या पोराने उपयोगाचा हिशेब मांडलाच पाहिजे, त्याचा प्रश्न वेगळा. पण पोटापाण्याची सोय झालेली असताना हा प्रश्न छळत असेल, तर आधी कान देऊन ऐका, तुमच्या मनात तो कुणाच्या आवाजात बोलतोय. सुरुवात पान एकपासून करू नका, जिथे कुतूहल खाजतंय तिथून करा. रोज अर्धा तास दार लावून घ्या, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. शिकलेलं कुणाला तरी तोंडी सांगा. आणि धडधड, जागरणं आठवडेच्या आठवडे टिकली, तर मात्र एकट्याने झुंजत बसू नका.

मंदाताई मार्चमध्ये गणितात राहिल्या. पुरवणी परीक्षेला बसणार आहेत. परवा फोनवर सांगत होत्या, सासूबाईंना ग्रहणाचं सगळं समजावलं. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ग्रहण सुटल्यावर आंघोळ करायची की नाही?”

“काय म्हणालात?”

“म्हटलं, उकडत असेल तर करा.”