रामदासपेठेतले २४ लक्झरी फ्लॅट: ब्रँडिंगवर खर्च कुठे करावा

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या रामदासपेठेत जुना बंगला पाडून चार बेडरूमचे २४ फ्लॅट बांधताय. एजन्सीने इटालियन वाटणारी नावं, सोनेरी लोगो आणि वर्धा रोडवर होर्डिंग सुचवलंय. यातलं काय घ्यावं?

होर्डिंग सोडून द्या. चोवीस घरांना चोवीस कुटुंबं लागतात आणि ती कुठे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. धंतोली-रामदासपेठेतले डॉक्टर, हायकोर्टातले वकील, इतवारी-महालातल्या वाड्यांतून बाहेर पडू पाहणारे व्यापारी. ही माणसं एकमेकांना विचारून घर घेतात. एका नावाजलेल्या डॉक्टरने बुकिंग केलं की त्याच्या ओळखीतले चार जण चौकशीला येतात.

या लोकांना काय सांगायचं, हा खरा प्रश्न. इटालियन मार्बल आणि क्लब हाउस सगळेच देतात. नागपुरात लक्झरीची परीक्षा नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत होते. पारा ४५ च्या वर, दुपारचे तीन, पश्चिमेची भिंत तापलेली, आणि रात्री अकरालाही बेडरूममध्ये झळ. वीस फुटी काच लावून ‘पॅनोरमिक व्ह्यू’ म्हणणारी इमारत इथे मे महिन्यात पडदे ओढून बसते. त्यामुळे आधी आर्किटेक्टला बसवा. पश्चिमेला जिने, लिफ्ट, बाथरूम, स्टोअर जातील का? खोल छज्जे, पोकळी सोडलेली दुहेरी भिंत, गच्चीला इन्सुलेशन? हे जमलं तर तोच तुमचा ब्रँड. सॅम्पल फ्लॅट मे महिन्याच्या भर दुपारी, एसी बंद ठेवून दाखवा. शहरात असं कोणी दाखवत असेल असं मला वाटत नाही, आणि त्या दुपारी आलेला ग्राहक ब्रोशर मागणारच नाही.

कायद्याचं मात्र आजच पाहा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठपेक्षा जास्त असली की महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणीआधी जाहिरात, बुकिंग काहीच करता येत नाही. व्हॉट्सॲपवरचा ‘लवकरच येत आहे’ हा मेसेजही नको, कारण दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. आणि रेरा कायद्याचं कलम १२ नीट वाचा: जाहिरात किंवा सॅम्पल फ्लॅट पाहून पैसे भरलेल्या माणसाची त्यातल्या खोट्या माहितीमुळे फसगत झाली, तर भरपाई द्यावी लागते. त्याला बाहेर पडायचं असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत. म्हणून सॅम्पल फ्लॅटमध्ये जे नळ, जी लाकडी फरशी लावाल, तीच करारनाम्यात लिहा. क्षेत्रफळही कार्पेटमध्येच, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा मोजून सांगा. जिने, लॉबीचा वाटा धरलेला सुपर बिल्टअपचा मोठा आकडा वकील ग्राहकाला पहिल्याच भेटीत खटकेल.

नावाबद्दल थोडक्यात: आजी रिक्षावाल्याला सांगू शकेल असं ठेवा. जुन्या बंगल्याचं नाव लोकांच्या तोंडी असेल आणि मालक कुटुंब राजी असेल, तर तेच घ्या.

नोंदणी वेळेत झाली तर पहिली फेरी दिवाळीत करा. पुणे, बंगळुरू, अमेरिकेतली मुलं तेव्हा घरी असतात. घर आईवडील पसंत करतात, पण होकार बहुतेकदा मुलांशी बोलून येतो. भाऊबीजेनंतरचे दोन-तीन दिवस फक्त कुटुंबासह येणाऱ्यांसाठी ठेवा, एका वेळी एकच कुटुंब, आणि फ्लॅट दाखवायला ब्रोकर नको, तुम्ही स्वतः थांबा.