कोरियन भात अन् आपल्या वावरातल्या भाज्या

प्रश्न: ताई, माझी पोरगी बारावीला आहे, मोबाईलवर कोरियन सिरियल पाहत राहते. त्यात तो वाडग्यातला भात असतो ना, वरून रंगीबेरंगी भाज्या, मधात अंडं आणि लाल सॉस, बिबिमबाप म्हणतात म्हणे. मी एकदा सगळ्या भाज्या कढईत परतून त्यात भात टाकला तर तो मसालेभातच झाला, पोरगी म्हणे हे ते नाहीच. आमच्याकडे तो सॉस मिळत नाही अन् ते मशरूम पण नाही. घरच्या भाज्यांत होईल का? (एक वाचक, साकोली तालुका, जि. भंडारा)

उत्तर: होईल ताई, नक्की होईल, आणि पोरगी बरोबर बोलली. या भातात प्रत्येक भाजी वेगळी शिजते, वेगळी पिळून निघते, तिला तिचं तिचं मीठ लागतं, अन् सगळ्या एकमेकींना भेटतात त्या एकदम शेवटी, खाणारा चमच्यानं कालवतो तेव्हा. आपल्या गोळाभातात भात, गोळे आणि वरचं कडकडीत फोडणीचं तेल ताटात आल्यावरच एक होतात, तसंच समजा. तुम्ही आधीच एकत्र परतलं तर पालकाचं पाणी गाजराला लागतं, गाजराची गोडी भाताला लागते आणि मग कोणतीच चव वेगळी राहत नाही. एवढं एक सांभाळलं तर बाकी सगळ्यात सूट आहे.

भाज्या कोणत्या, तर ज्या सध्या वावरात किंवा आठवडी बाजारात आहेत त्या. कोरियातही एकच ठरलेली यादी नाहीये. जिओन्जू नावाचं शहर या भातासाठी सगळ्यात प्रसिद्ध, तो भाग पण तुमच्या भंडाऱ्यासारखा धानाचाच, आणि २०१२ मध्ये युनेस्कोनं खाद्यसंस्कृतीसाठी त्या शहराची निवड केली. पण डोंगराकडच्या गावांत हाच भात रानभाज्या घालून करतात, कुठं कोवळ्या मुळ्याच्या पाल्याचा करतात, कुठं तांदळात जव मिसळतात. मग आपण हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी, पालक, मुळा, गाजर घेतलं, पावसाळ्यात कोवळा तरोटा (टाकळा) अन् कटवल (करटोली), उन्हाळ्यात दोडका नाहीतर दुधी, तर त्यात काहीच खोटं नाही. फक्त रंग चार-पाच वेगळे येऊ द्या, हिरवा, पांढरा, केशरी, लाल, काळपट, तिथं त्याला मान आहे आणि खाताना खरंच मजा येते.

आता चार जणांसाठी सांगते. पालेभाजी एक जुडी, उकळत्या मिठाच्या पाण्यात पालक असेल तर अर्धा मिनिट, हरभऱ्याची भाजी किंवा तरोटा असेल तर चांगलं मऊ होईस्तोवर, मग लगेच थंड पाण्यात आणि मग दोन्ही तळहातांनी दाबून पिळायचं. इथं आळस करू नका, पाणी राहिलं की वाडग्याच्या बुडाशी जमा होते आणि भात गिचका होतो. पिळलेली भाजी मोकळी करून तिला चिमूटभर मीठ, ठेचलेल्या लसणाची एक पाकळी, चमचाभर तिळाचं तेल, हातानंच चोळा. गाजर काडीसारखं कापून थोड्या तेलात दोन मिनिटं, कुरकुरीत राहिलं पाहिजे. दोडका, दुधी किंवा काकडी असेल तर पातळ कापून मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पाणी सुटते ते पिळा, मग मोठ्या आचेवर झटक्यात परता. मुळा कच्चाच किसा, त्याला तिखट, थोडी साखर, लिंबू. कटवलाच्या चकत्या जराशा तांबूस होऊ द्या. धिंगरी मशरूम आता बऱ्याच बचत गटांकडे मिळते, मिळाली तर काळपट रंगासाठी सोया सॉसवर परता, नाही मिळाली तर वांग्याच्या फोडी तशाच परता. एकाच कढईत सगळं करायचं तर आधी फिक्या रंगाच्या भाज्या आणि शेवटी गडद, मग मधात कढई घासावी लागत नाही. हळद, जिरं, मोहरी कुठंच नको, सवयीनं हात जातो म्हणून मुद्दाम सांगते.

अंबाडी घ्यायची असेल तर घ्या, पण थोडी, आणि मग सॉसमध्ये लिंबू टाकू नका, आंबट तिचंच पुरते. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, घेणार असाल तर बारीक कापून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकूनच द्यायचं, हे तर झाडीपट्टीतल्या बायांना मी काय सांगावं.

भाताचं म्हणाल तर तुम्ही धानाच्या पट्ट्यातल्या, म्हणून एक गोष्ट उलटी करावी लागेल. आपल्याला मोकळ्या भातासाठी जुना तांदूळ लागतो, इथं नवा घ्या, कारण तो चिकट शिजतो आणि चमच्यात भाज्यांसोबत गोळा धरतो. नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडेंनी स्वतःच्या धुऱ्याबांध्यात निवडून काढलेला एचएमटी चालेल, चिन्नोर पण चालेल पण त्याचा वास इतका छान की वरून सॉस ओतायला माझं मन होत नाही, तो साध्या वरणासोबतच खावा. तांदूळ दोन वाट्या, पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी, तेल-मीठ काही नाही.

सॉस म्हणजे गोचुजांग. तो खरा होतो तिखट, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची भुकटी, जवाचं माल्ट आणि मीठ हे मातीच्या बरणीत महिनोन्महिने मुरवून. ऑनलाईन डबा मिळतो आणि बरेच दिवस टिकतो, दोन-तीन घरांनी मिळून मागवला तर परवडते. नसेल मागवायचा तर जवळपास जाणारं असं करा: दोन चमचे बिया काढलेल्या मिरचीचं तिखट (भिवापुरी घेतलं तर अर्धं ते आणि अर्धं ब्याडगी किंवा काश्मिरी, कारण तिकडची मिरची तिखटापेक्षा रंगाला जास्त), दोन चमचे मऊ भात वाटून, एक चमचा गूळ, एक चमचा सोया सॉस, मीठ, चार थेंब लिंबू. मंद आचेवर घट्ट होऊ द्या. मुरलेली चव यात येणार नाही हे स्पष्ट सांगते, पण भातात कालवल्यावर पोरगी वाडगा रिकामा करेल. ठेचा मात्र घालू नका, त्यातल्या हिरव्या मिरचीनं बाकी भाज्या झाकून जातात.

तेलाचं अजून एक. तिथं तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं काढतात म्हणून खमंग वास येतो, आपल्या घाणीच्या तेलाला तो येत नाही. म्हणून तीळ तांबूस भाजून जाडसर कुटा आणि प्रत्येक भाजीवर टाका. घरी जवसाचं ताजं तेल असेल तर पालेभाजीला तेच लावा, कोरियात पेरिला नावाच्या बियांचं तेल असंच भाज्यांना चोळतात. जवसाचं तेल लवकर खवट होते, वास घेऊन वापरा.

मग वाडग्यात गरम भात, वर भाज्या ढीग-ढीग करून, मधात अंडं, पिवळं पातळ राहिलेलं, त्यावर चमचाभर सॉस. फोटो काढून झाला की निर्दयपणे कालवा.

प्रश्न: त्या भातात मोड आलेलं सोयाबीन घालतात असं ऐकलं. घरी पोत्यानं सोयाबीन आहे, चालेल का? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर: चालेल, पण पेरणीसाठी आणलेल्या थैलीतलं अजिबात नाही, त्या बियाण्याला औषध चोळलेलं असते. घरचं यंदाचं सोयाबीन निवडून घ्या, मळणीत फुटलेले दाणे काढून टाका, ते सडतात आणि सगळ्याला वास लावतात. रात्रभर भिजवा, मग चाळणीत ठेवून ओल्या कापडानं झाका आणि अंधारात ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा वरून पाणी ओता. उन्हाळ्यात तीन-चार दिवस, थंडीत पाच-सहा दिवस लागतात, शेपूट चांगलं बोटभर लांब होऊ द्या. उजेड लागला की हिरवे होऊन कडवट लागतात.

कच्चे खाऊ नका, कच्च्या सोयाबीनमध्ये असे घटक असतात की प्रथिनं नीट पचत नाहीत, पोट बिघडते. मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा. झाकण ठेवलं तर शेवटपर्यंत उघडू नका, नाहीतर सुरुवातीपासूनच ठेवू नका, तिथल्या बाया हे फार पाळतात, मधातच उघडलं तर कच्चट वास राहतो म्हणतात. एवढा खटाटोप नको असेल तर मुगाचे मोड एक मिनिट उकळून घ्या, तेही तिथं खातात.

प्रश्न: दगडाचा तापलेला वाडगा नाही, खालचा भात कुरकुरीत कसा करू? (चिमूर)

उत्तर: जाड बुडाची लोखंडी कढई. तिळाचं तेल फिरवा, भात पसरून सराट्यानं हलकं दाबा, मंद आचेवर पाच-सात मिनिटं हात लावू नका. चरचर आवाज आला, खमंग वास आला की खाली खरवड झाली, मग भाज्या वर मांडून कढईच ताटाजवळ न्या. मातीचं भांडं रिकामं आचेवर ठेवू नका, तडकते.

प्रश्न: आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसण नाही, अंडं तर नाहीच. मग राहिलं काय? (वाशीम जिल्हा)

उत्तर: भरपूर राहिलं. कोरियातल्या बौद्ध मठांत कांदा-लसणाशिवायच स्वयंपाक करतात आणि तिथं हाच भात होतो, भाज्यांना फक्त मीठ, सोया सॉस, तीळ. अंड्याऐवजी सोया पनीरच्या चौकोनी फोडी दाबून पाणी काढून तांबूस परता. सुकवलेली हरभऱ्याची भाजी डब्यात असेल तर ती भिजवून, उकळून, पिळून घाला. तिथं पण हिवाळ्यासाठी भाज्या वाळवून ठेवतात आणि साधारण आपल्या माघ पौर्णिमेच्या सुमारास त्यांचा सण येतो तेव्हा त्याच सुक्या भाज्या शिजवतात. विकतचं गोचुजांग आणाल तर डब्यावरचं वाचून घ्या, आणि किमची सोबत आणणार असाल तर जास्तच नीट वाचा, तिच्यात बऱ्याचदा मासळीचा सॉस किंवा खारवलेले झिंगे असतात.