सत्तरीत रोज चालल्याने स्मरणशक्ती खरंच सुधारते का?

सुधारू शकते, पण रमतगमत फेरी पुरेशी नाही. अमेरिकेत 55 ते 80 वयाच्या 120 जणांवर वर्षभर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं भरभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवणारा भाग, सुमारे 2 टक्के वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा 1.4 टक्के घटला. या वयात तो आक्रसतच जातो, म्हणून ही वाढ फार मोलाची.

सुरुवात 10 मिनिटांनी करा, दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवा. वेग इतका, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. पहिल्याच दिवशी तासभर चाललं की गुडघे धरतात आणि सगळंच सुटतं. इन्सुलिन घेत असाल तर खिशात साखर हवीच. छातीत दुखलं तर तिथेच थांबा, लगेच डॉक्टरांना गाठा.